मण्याकडे निघालेल्या तांबड्या वाटा

डिसेंबर लागला आणि सांगलीच्या रस्त्यांवर सकाळचं धुकं उतरलं की मला अजूनही नकळत स्वतःच्या बोटांचा वास घ्यायची सवय आहे. वास अर्थातच कशाचा येत नाही. पण एका हिवाळ्यात या बोटांना स्पिरिटचा आणि अंड्याच्या कवचाचा वास चिकटून बसला होता, आणि तो जावा म्हणून मी शिकेकाई, चिंच, राख, सगळं करून बघितलं होतं. नव्वदच्या दशकाच्या मधला तो हिवाळा. मी जैनाच्या घरातली. अंडं हातात कसं धरतात हेही मला ठाऊक नव्हतं. आणि त्या हिवाळ्यात माझ्याइतकी अंडी बसस्टँडसमोरच्या आमलेटच्या गाडीवाल्यानंही फोडली नसतील.

यंदा थंडी वेळेवर आली. कॉलेजला शिकवायला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांच्या बागा दिसतात. वेलींवर घड लोंबायला लागलेत, आणि घडांखालून वाकून फिरणारी माणसं दिसतात. आमचं गाव तासगावच्या अलीकडं. ऑक्टोबरात छाटणी झाली की पुढचे चार महिने आमच्या घरात माणसांपेक्षा वेलींचं जास्त चालायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवताना ताटाकडं कमी आणि आभाळाकडं जास्त बघायचे. धुकं पडलं की वेलीवर दावण्या रोग पडायची भीती, ढग आले की भुरी रोगाची. घड फुगावेत म्हणून ते औषधाच्या पाण्यात बुडवावे लागत. बायका मग हातात धरून ओळीनं एकेक घड बुडवत जायच्या, आणि मागून ठिबकणाऱ्या पानांखालून अण्णा. घडातल्या एकेका दाण्याला आमच्याकडं मणी म्हणतात. मणी किती फुगला यावर त्या दिवसांत घरात कोण कुणाशी किती बोलणार हे ठरायचं.

माझे मणी निराळे होते. मी सांगलीत औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होते, आणि आमच्या सरांनी मला विषय दिला होता तो ऐकून वर्गातली मुलं हसली होती. सरांचा एक सर्जन मित्र मिरजेला होता. तो म्हणायचा, भाजलेल्या माणसाला कातडं लावता येतं, उद्या कदाचित प्रयोगशाळेत वाढवलेलं कातडंही लावता येईल. पण त्याच्या खाली रक्त कोण पोचवणार? शरीराचा नवा तुकडा बनवणं हे अर्धंच काम. रक्तवाहिन्या तिथवर आल्या नाहीत तर तो तुकडा काळा पडतो. त्या आपणहून येत नाहीत, त्यांना बोलवावं लागतं. बोलावणारं औषध जगात सापडलं होतं, एक प्रथिन. पण ते नुसतं टोचलं तर तासाभरात वाहून जायचं. तेव्हा ते धरून ठेवणारा आणि हळूहळू सोडणारा एक मणी मला बनवायचा होता.

मिरजेच्याच दवाखान्यात तेव्हा अजित पडून होता. अजित माझा मावसभाऊ, माधवनगरच्या गिरणीत कामाला. वाफेनं त्याची पोटरी सोलून निघाली होती. मांडीचं कातडं काढून तिथं लावलं, ते धरलं नाही. दुसऱ्यांदा लावलं, तेही धरलं नाही. अण्णा त्याच्या उशाशी बसून आले तेव्हा घरी येऊन म्हणाले होते, "कलम जळल्यागत दिसतंय."

सरांनी मण्यासाठी आधी जिलेटिन सुचवलं. ते हाडांपासून काढतात, म्हणून मी हट्टानं समुद्री शेवाळाच्या पुडीवर आले. पूड पाण्यात कालवायची, औषध मिसळायचं आणि सुईतून एकेक थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. थेंब पडता पडता घट्ट व्हायचा आणि तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा जाऊन बसायचा. निदान मणी तरी शाकाहारी असावा, एवढंच माझं म्हणणं होतं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मणी शाकाहारी, आणि त्याची परीक्षा अंड्यात. वा!"

कारण परीक्षा अंड्यातच व्हायची होती. उबवायला ठेवलेल्या अंड्यात, कवचाच्या आत एक पातळ पडदा असतो. वाढणाऱ्या पिल्लासाठी त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं पसरत जातं. कवचाला छोटी खिडकी पाडायची, पडद्यावर मणी ठेवायचा, खिडकी टेपनं बंद करायची. काही दिवसांनी उघडून बघायचं, वाहिन्या मण्याकडं वळल्या की आपल्या वाटेनं निघून गेल्या.

घरी सांगणं भाग होतं. लपवून केलं असतं तर अण्णांना कळलंही नसतं, पण पाणी गाळून पिणाऱ्या आणि दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या माणसापासून हे लपवायचं मला जमलं नाही. एका रविवारी त्यांचं जेवण झाल्यावर मी सगळं सांगितलं. आई भांडी गोळा करता करता थांबली.

"त्यात जीव आसतो?" अण्णांनी विचारलं.

"आसतो."

"मग म्होरं त्येचं काय हुतं?"

"म्होरं वाढू देत न्हाई अण्णा."

"आजितच्या पायासाठी म्हनत्यास?"

"त्येच्याच आसं न्हाई. तसल्या सगळ्या पायांसाठी."

"मी नगं म्हननार न्हाई," अण्णा म्हणाले. "शिकलीयास, तुजं तुला कळतं. पर ह्यातनं काय उगवलं ते माज्या डोळ्यांनी बगत न्हाई, तवर तुज्या हातचं पानी मला चालायचं न्हाई."

झालं. आवाज चढला नाही, कुणी ताट ढकललं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मी सवयीनं तांब्याकडं हात नेला की आई तो हळूच माझ्या हातातून घ्यायची, आणि आई बाहेर असली तर अण्णा स्वतः उठून, तांब्यावर फडकं धरून, कळशी वाकडी करून पाणी गाळायचे. बागेतून दमून आलेला माणूस. मी शेजारी उभी. त्यात राग असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण बाकी सगळं तसंच होतं. मला बसस्टँडपर्यंत सोडायला ते यायचे, पिशवीत शेंगांची चटणी ठेवली का म्हणून आईला विचारायचे. फक्त पाणी नाही. त्या हिवाळ्यात मला डिग्री हवी होती, सरांची शाबासकी हवी होती, सगळं हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला वडिलांना एक तांब्या पाणी द्यायचं होतं.

हे मी सुनंदाला सांगितलं. सुनंदा माझ्याच वर्गातली, उंब्रजची. तिचं घर आजोबांच्या वेळी बौद्ध झालेलं, वडील फौजेतून निवृत्त होऊन आलेले. ती परीक्षानळ्या विसळत होती. माझं डोळे पुसत पुसत सांगून झालं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"तुझं एका हिवाळ्यापुरतंच हाय न्हवं?" ती म्हणाली.

नळी उलटी ठेवून तिनं स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. "घे. माझ्या हातचं चालतंय का बघ." आणि हसली. मी अर्धी बाटली प्याले. त्या वाक्यानं मला त्या दिवशी जे शिकवलं ते मला पुढं कुठल्याही वर्गात शिकवता आलेलं नाही, पण मी दरवर्षी प्रयत्न करते.

आता आमच्या पहिल्या पराक्रमाबद्दल. मी पोल्ट्रीतून अंडी आणली, चांगली मोठी, पांढरीशुभ्र, निवडून. पुसून, ओळीनं इन्क्युबेटरमध्ये मांडली. काही दिवसांनी खिडकी पाडून बघितलं तर आत नुसता पिवळा बलक, निवांत. दुसरी खेप आणली, तेच. सर म्हणाले, तापमान चुकतंय. आम्ही थर्मामीटर बदलला. पुढच्या खेपेला मी अंडी दिवसातून कितीदा तरी उलटसुलट केली, मनात आमचा णमोकार मंत्र म्हटला, तरी बलक तसाच. सुनंदा तेव्हा गावी गेली होती. परत आल्यावर तिनं आमची उतरलेली तोंडं बघून विचारलं, "कुठनं आणलीस अंडी?"

"पोल्ट्रीतनं."

"कोंबडा हुता तितं?"

"कोंबडा कशाला? अंडं कोंबडीच देती की."

सुनंदानं टेबलाची कड धरली आणि हसत हसत खाली बसली. सुनंदा सोडली तर आमच्या अख्ख्या विभागात, सरांपासून प्रयोगशाळा सहायकापर्यंत, सगळेच वरणभाताच्या घरातले. खायच्या अंड्यात पिल्लू नसतं आणि उबवायच्या अंड्यामागं कोंबडा लागतो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सर म्हणाले, "पुस्तकात फलित अंडी असं लिहिलं होतं खरं." मग थोड्या वेळानं, "मला वाटलं पोल्ट्रीवाले बघत असतील ते." आजही माझे विद्यार्थी फोन करून हवी तशी अंडी मागवतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला अजून सुनंदासारखंच हसू येतं.

मग उंब्रज. हायवेपासून थोडं आत सुनंदाचं घर, अंगणात डालग्याखाली खुडूक कोंबडी अंडी उबवत बसलेली. सुनंदाच्या आईला मी मावशी म्हणायला लागले. पहिल्या दिवशी तिनं चहा केला आणि चुलीपाशी उगाच काहीतरी हलवत उभी राहिली. मी बशीत ओतून प्याले, तशी ती येऊन माझ्याजवळ बसली.

"खायाला न्हे म्हनशील तितकी न्हे बाई," ती म्हणाली. "पर उबवून मोडायची म्हंजी काय? ती बसलीया तितं इस्वासानं."

"आये, त्यातनं औशद निगणार हाय," सुनंदा म्हणाली.

"निगंल तवा बगू."

म्हणजे कोंबडी खाणारी ही आणि पाणी गाळून पिणारे अण्णा, दोघं एकाच जागी येऊन थांबले होते. मावशीनं अंडी दिली, पण एक अट घालून. कोंबडी दाणे टिपायला उठली की मगच अंडी उचलायची, तिच्या अंगाखालून काढायची नाहीत. तिथल्या घरांची तशी रीतच होती. त्या रीतीपायी आमच्या किती बसगाड्या चुकल्या. कोंबडी उठेपर्यंत दोन शिकलेल्या पोरी अंगणात उकिडव्या बसून तिची वाट बघायच्या, आणि हायवेवरून ट्रक जात राहायचे.

अंडी स्टीलच्या डब्यात, भुशात, वरून लोकरीचं फडकं. डबा मांडीवर, अंगाला चिकटून, वरून शाल. उंब्रज, कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली. उसाचा हंगाम, पुढं बैलगाड्यांची रांग, एसटी मुंगीच्या पावलानं. कंडक्टर म्हणाला, "डबा वर ठेवा की ताई." मी म्हटलं, नको, गार होईल. "जेवान हाय व्हय?" सुनंदाला खोटं बोलता येत नाही, तिनं खरं सांगून टाकलं. पाच मिनिटांत सगळ्या बसला कळलं की पुढच्या बाकावरची पोरगी अंडी उबवत चाललीय. मागच्या सीटवरच्या एका आजीबाईनं काही न विचारता आपली घोंगडी पुढं दिली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "खड्डं बगून चालीव रं."

मांडीवरच्या त्या डब्याला ऊब होती. माझी की त्यांची, हे सांगता येत नव्हतं. अशा वेळी मला भीती वाटायची. काही उगवलंच नाही तर? मग हा नुसता जीव घेणं झालं. अण्णांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला तो इस्लामपूरच्या आसपास कुठंतरी, शालीखाली. ते मला शिक्षा करत नव्हते. घेतलेल्या जिवाचं काही तरी झालं पाहिजे, एवढंच ते मागत होते.

पहिले मणी फसले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून बर्फात घालून आलेलं ते मौल्यवान औषध मी मण्यात भरलं आणि मण्यानं ते पहिल्याच दिवशी सगळं ओकून टाकलं. खिडकी उघडली तर मण्याभोवती लाल डाग. वाहिन्या आल्या होत्या, पण गर्दी करून, वेड्यावाकड्या, पाझरणाऱ्या, आणि लगेच सुकून गेलेल्या. मी म्हटलं, औषध वाढवू. सर म्हणाले, औषध धरून ठेवणारं काही आत घाल. हेपॅरिन घाल, ते या प्रथिनाचा हात सोडत नाही. मला ते पटत नव्हतं. हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, ते रक्तवाहिन्या कशाला बोलावेल, असं माझं म्हणणं. शिवाय ते जनावराच्या आतड्यातून काढतात, म्हणजे माझा शाकाहारी मणीही गेला. आमची वादावादी झाली. शेवटी सर म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघू. नाहीतर विषय बदलू. तापाच्या गोळ्या करू, त्या बिचाऱ्या कुणाला त्रास देत नाहीत."

त्या रविवारी मी घरी गेले आणि बागेत जाऊन बसले. विहिरीचं पाणी कमी पडायला लागलं म्हणून अण्णांनी त्या वर्षी ठिबक केलं होतं. काळ्या नळ्या, आणि प्रत्येक वेलीशी एक थेंब, मग थोड्या वेळानं दुसरा. मी चाळा म्हणून काडीनं त्या थेंबाखालची माती उकरली. खाली पांढऱ्या मुळ्यांचा नुसता पुंजका. पलीकडं कोरड्या मातीत उकरलं, तिथं एखाददुसरी. पूर्वी पाटानं पाणी सोडायचे तेव्हा सगळं रान भिजायचं आणि दोन दिवसांत भेगाळायचं. मुळं कुठं जायचं ते ठरवेपर्यंत पाणी संपलेलं असायचं. मी हात झटकून उठले. सर आठवडाभर सांगत होते ते मला तिथं, ढोपरं मातीत टेकवून, पटलं. जास्त नको होतं, टिकून हवं होतं.

घरात गेले. अण्णा पाणी गाळत होते. मी तांब्याकडं हात नेला नाही.

हेपॅरिन घातलेले मणी केले. भारनियमन दुपारचं असायचं. वीज गेली की सुनंदा आणि मी गरम पाण्याच्या पिशव्या इन्क्युबेटरमध्ये कोंबायचो आणि दाराला पाठ लावून उभ्या राहायचो, जणू काही आमच्या पाठीनं थंडी अडणार होती. प्रत्येक खिडकी पाडताना मी मनात णमोकार म्हणायचे. त्यानं अंड्याला काही फायदा नव्हता हे मला माहीत होतं. पण माझा हात स्थिर राहायचा.

संक्रांत दोन-चार दिवसांवर आली असताना एका सकाळी मी पहिल्या अंड्याची टेप सोडवली आणि ते भिंगाखाली धरलं. मग मी मागं झाले आणि सुनंदाला म्हटलं, तू बघ. ती वाकली. मग सरळ झाली आणि चालत, पळत नव्हे, चालत, वर्गावर गेली आणि शिकवणाऱ्या सरांना हाताला धरून घेऊन आली. सरांच्या हातात खडू तसाच.

मधोमध मणी होता, आणि चारी बाजूंनी त्याच्याकडं वाहिन्या निघालेल्या होत्या. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशा. सरळ, बारीक, भरलेल्या, तांबड्या. लांबच्या एका जाड वाहिनीला तर मधूनच वळण फुटलं होतं; ती आपली वाट सोडून मण्याकडं आली होती. आणि त्यात रक्त हलत होतं.

सर म्हणाले, "एकात आलं म्हणजे काही नाही. बाकीची बघ." बाकीची बघितली. ज्यात औषधाचा मणी होता त्यात चाक होतं. ज्यात मुद्दाम रिकामा मणी ठेवला होता त्यात वाहिन्या त्याच्या बाजूनं ढुंकूनही न बघता निघून गेल्या होत्या. सरांनी चष्मा काढून कोटाला पुसला, घातला, परत काढून पुसला. तोवर शिक्षक का गेले म्हणून सगळा वर्ग मागोमाग आला होता. भिंगापुढं रांग लागली. विषय ऐकून हसलेली मुलं त्या रांगेत होती, ऑफिसमधले कारकून होते, कॅन्टीनवाले मामा कपबश्या तशाच ठेवून आले होते. "आरं, ह्ये तर जित्तं हाय," मामा म्हणाले आणि रांग मोडून परत मागं जाऊन उभे राहिले, दुसऱ्यांदा बघायला.

मी खिडकीपाशी उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. लोक म्हणतात यशात माणसानं नम्र असावं. मी नव्हते. मी जिंकले होते. बोटांच्या वासासकट, पोल्ट्रीच्या अंड्यांसकट, मी जिंकले होते, आणि मला ते सगळ्या सांगलीला ओरडून सांगायचं होतं.

गावात किराणा दुकानात फोन होता. निरोप ठेवला: अण्णांना म्हणावं, बघायला या.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, लवकर छाटलेल्या तुकड्यातला द्राक्षाचा पहिला माल घेऊन बाजारात निघालेल्या टेम्पोतून. टेम्पो फाटकाशी उभा करून आत आले. प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, जाताना काढतात तशा काढल्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि भिंग डोळ्याला नीट करून दिलं. एक डोळा मिटून बघायची सवय नाही, म्हणून सुनंदानं आपला तळवा त्यांच्या दुसऱ्या डोळ्यापुढं धरला.

"हालतंय," अण्णा म्हणाले.

"रगत व्हातंय अण्णा."

"आन मदी ह्यो तुजा मणी?"

"व्हय."

"कुनी सांगितलं न्हाई त्यास्नी, तरी हिकडं वळल्यात." ते डोळा न काढता बघत होते. "आजितच्या पायात आसं झालं आसतं तर?"

"कातडं धरलं आसतं. कदाचित." कदाचित म्हणणं मला जड गेलं, पण खरं तेवढंच होतं.

"हातात दे," ते म्हणाले.

मी अंडं त्यांच्या ओंजळीत ठेवलं. साऱ्या आयुष्यात त्यांनी अंड्याला हात लावला नव्हता. छाटणीची कात्री धरून घट्टे पडलेली ती बोटं अशी वाकली की ओंजळ नव्हे, घरटं झालं.

"ऊन हाय गं," अण्णा म्हणाले. मग विचारलं, "ह्येचं आता काय?"

मी खोटं बोलले नाही. "एक-दोन दिवसांत थंडीत ठेवायचं, मग आतला जीव थांबतो. समद्यांचंच."

त्यांनी मान हलवली. अंडं मला परत देताना म्हणाले, "मग इसरू नगंस कवा." एवढंच. मी विसरलेले नाही. आमच्या त्या मण्याचं पुढं बाजारात औषध वगैरे काही झालं नाही; जगभर हे काम कुठल्या कुठं गेलं आणि त्यात आमचा मणी कुणाला आठवायचं कारण नाही. अजितचा पाय तिसऱ्या खेपेला मिरजेच्या डॉक्टरांच्या हातांनीच बरा झाला, आणि तो अजून मला चिडवतो की तुझ्या कोंबड्यांआधी मी चालायला लागलो. पण दरवर्षी नव्या मुलांच्या हातात पहिलं अंडं देताना मी त्यांना आधी नुसतं धरायला लावते. खिडकी नंतर.

अण्णा टेम्पो रिकामा करून मला घेऊनच घरी गेले. दिवस मावळायला थोडा वेळ होता. पोचल्या पोचल्या त्यांनी आईला सगळं सांगितलं. चाक, वळलेली वाहिनी, हालणारं रगत. मी सांगितलं नसतं इतकं छान सांगितलं. आणि हातात घेतलं हेही सांगितलं. आई भाकरी थापता थापता थांबली. तिच्या तोंडावर हसू होतं, पण ते तिनं आवाजात येऊ दिलं नाही.

"आवं, मग आता तुमच्या हाताचं काय?" ती म्हणाली. "तुमी बी शिवलासा की. तुमच्या हातचं पानी तुमास्नीच चालायचं न्हाई."

अण्णा पाटावर बसले. बाहेरच्या उजेडाकडं एकदा बघितलं.

"न्हाईच चालत," ते म्हणाले. "म्हनून तर हिला सांगतोय. पोरी, पानी गाळ."